गोठणारे रक्त, वाहणारे रक्त आणि मुक्या प्राण्यांचे ऋण



आपल्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि विभागवार आकडेवारी यांच्या जोडीने एका आजाराविषयी माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. यंदा रक्त गोठण्याच्या विकारांचा विषय घेतला आहे. अहवाल वर्षात औषधखरेदीच्या पत्रकातील ‘फॅक्टर’, ‘प्लाझ्मा’ आणि ‘सर्पविषप्रतिबंधक लस’ या बाबींवरील खर्च पाहून काही देणगीदारांनी आस्थेने विचारणा केली. एवढ्याशा कुपीला एवढी किंमत का, असा त्यांचा प्रश्न होता. जीवदयेच्या कार्याशी निगडित असलेल्या एका देणगीदारांनी त्याही पुढे जाऊन विचारले, की ही औषधे प्राण्यांवर प्रयोग करून सिद्ध होतात काय, आणि आमची देणगी त्या कामी लागते काय?

प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तर सोपे आहे. आपल्या रुग्णालयात प्राण्यांवर कोणतेही प्रयोग होत नाहीत, तशी प्रयोगशाळा नाही आणि देणगीतील एकही रुपया त्यासाठी खर्च होत नाही. पूर्वार्धाचे उत्तर मात्र ‘होय’ असेच द्यावे लागते, आणि ते एका शब्दात देऊन थांबणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. प्राण्यांनी या क्षेत्रात काय दिले, त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष कोठे फसले आणि आज कायदा काय सांगतो, हे सर्व देणगीदारांसमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असून प्रशासन हे आमचे काम आहे. त्यामुळे वैद्यकीय मजकूर आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेतलेला आहे.

रक्ताचा जमाखर्च

रक्तवाहिनीत असताना रक्ताने प्रवाही राहावे आणि वाहिनी फुटताच त्या जागी गोठावे, ही परस्परविरोधी वाटणारी दोन कामे शरीर अहोरात्र सांभाळत असते. वाहिनीला इजा झाली की प्रथम प्लेटलेट म्हणजे बिंबिका तेथे चिकटतात. मागोमाग रक्तातील गोठणघटक एकामागून एक कार्यान्वित होतात. अखेरीस थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे विणते. या जाळ्यात अडकलेला गोळा म्हणजे रक्ताची गुठळी. गुठळी गरजेपेक्षा मोठी होऊ नये म्हणून अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन-सी यांसारखे लगामही रक्तातच असतात, आणि काम संपल्यावर ती विरघळवणारी यंत्रणाही असते.

ही साखळी तीन प्रकारे बिघडू शकते. एखादी कडी जन्मतःच कमी असते व रक्तस्राव थांबत नाही. हिमोफिलिया हे त्याचे ठळक उदाहरण. लगाम सुटतात आणि नको तेथे गुठळ्या होतात, हा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार सर्वांत विचित्र. त्यात शरीरभर गुठळ्या होऊ लागतात, त्या करण्यात गोठणघटक व बिंबिका संपून जातात आणि मग त्याच रुग्णाला जागोजागी रक्तस्राव सुरू होतो. वैद्यकात यास ‘डीआयसी’ म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर ही पेढी अनावश्यक व्यवहारांत सारे भांडवल घालवून बसते आणि खरा धनको दारी येतो त्या दिवशी तिच्याकडे देण्यासाठी काही उरत नाही.

या तिन्ही प्रकारांत एक पात्र पुनःपुन्हा येते. ते म्हणजे दाह. जंतुसंसर्ग, विष वा इजा यांना शरीर जो प्रतिसाद देते त्यास दाह म्हणतात. दाहामुळे गोठणक्रिया चेतते आणि थ्रॉम्बिन उलट दाह वाढवते. हे परस्परसंबंध काचेच्या नळीत पुरते दिसत नाहीत. त्यांना वाहते रक्त, जिवंत रक्तवाहिन्या, यकृत आणि सांधे यांची गरज असते. संशोधकांना प्राण्यांकडे वळावे लागले, ते या कारणामुळे.

चॅपेल हिलचे श्वान

हिमोफिलिया ए या विकारात गोठणघटक ८ व हिमोफिलिया बी मध्ये घटक ९ कमी असतो. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकास हिमोफिलिया ए असतो. बी त्याहून विरळा. दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आई वाहक असते आणि आजार बहुधा मुलग्यात प्रकट होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलांपैकी फार थोडी प्रौढावस्था गाठत.

निसर्गाने हाच आजार काही श्वानांनाही दिलेला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील विभागात डॉ. केनेथ ब्रिंकहाउस यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयरिश सेटर जातीच्या अशा श्वानांचा सांभाळ सुरू केला. या श्वानांमध्ये आजार कृत्रिमरीत्या निर्माण केलेला नव्हता. तो त्यांच्या वंशातच होता, आणि उपचार मिळाला नसता तर त्यातील बहुतेक पिल्ले दगावली असती. त्यांच्याही सांध्यांत आपोआप रक्तस्राव होई. निरोगी श्वानाचा रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा दिल्यावर हा रक्तस्राव आटोक्यात येतो, हे १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांतून दिसून आले. रक्तात काहीतरी अधिक नसून काहीतरी उणे आहे आणि ते उणे बाहेरून भरून काढता येते, या विचाराला तेथे भक्कम आधार मिळाला. १९५० साली याच गटाने आजारी नर आणि वाहक मादी यांच्या संततीत हिमोफिलियाग्रस्त मादीही जन्मते व उपचाराने जगते, हे दाखवून दिले. स्त्रीला हा आजार होणे शक्यच नाही, ही तोवरची समजूत त्यामुळे ढळली.

१९५३ साली याच प्रयोगशाळेतून पार्शल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम ही तपासणी पुढे आली. तिचेच सुधारित रूप म्हणजे आज आपल्या प्रयोगशाळेच्या दरपत्रकात ‘एपीटीटी’ या नावाने दिसणारी चाचणी. शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक रुग्णांची ही तपासणी होते. त्यामागे चॅपेल हिलच्या संशोधनाची परंपरा आहे, हे कागदावर कोठेच लिहिलेले नसते.

१९६४ च्या सुमारास डॉ. जुडिथ पूल यांनी गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवून घटक ८ ने समृद्ध असा साका वेगळा केला. तोच क्रायोप्रेसिपिटेट. त्यानंतर हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून घटकाच्या कुप्या बनू लागल्या आणि १९८० च्या दशकात त्यांतूनच एचआयव्ही व हिपॅटायटिस-सी यांचा फैलाव होऊन जगभरातील हजारो हिमोफिलिया रुग्ण बळी पडले. त्या आपत्तीनंतर मानवी रक्ताविना, जनुकतंत्राने घटक ८ बनवण्याची निकड उत्पन्न झाली. १९८४ साली या घटकाचे जनुक हाती आले. त्यापासून केलेला घटक प्रथम हिमोफिलियाग्रस्त श्वानांमध्ये तपासला गेला आणि १९९२ साली अमेरिकेत त्यास परवाना मिळाला. कुपीच्या किमतीत हा संपूर्ण प्रवास सामावलेला असतो.

सांध्यात शिरलेले रक्त

हिमोफिलिया म्हणजे जखम झाल्यावर न थांबणारा रक्तस्राव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः रुग्णाला पंगू करतो तो बहुतेक वेळा सांध्याच्या आत, बाहेरून न दिसणारा रक्तस्राव. गुडघा, घोटा आणि कोपर हे त्याचे नेहमीचे बळी. आत साचलेल्या रक्तातील लोह सांध्याच्या अस्तरात मुरते आणि तेथे दाह सुरू होतो. अस्तर सुजते व जाड होते. त्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या सहज फुटून पुन्हा रक्तस्राव होतो. असे हे चक्र चालू राहिले की कूर्चा झिजते आणि ऐन पंचविशीत माणसाचा गुडघा म्हाताऱ्याचा होतो.

रक्तस्राव आणि दाह यांची ही सांगड प्राण्यांतील अभ्यासातून स्पष्ट झाली. निरोगी श्वानांच्या गुडघ्यात थोडे दिवसच रक्त राहू दिले तरी कूर्चेच्या पेशींना इजा होते, असे नेदरलँड्समधील संशोधकांना आढळले. १९९५ साली घटक ८ चे जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले, १९९७ मध्ये घटक ९ चेही झाले. हे उंदीर एका बाबतीत माणसाहून वेगळे आहेत. त्यांच्या सांध्यात आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो, त्यामुळे अभ्यासासाठी गुडघ्यास सुई टोचून तो घडवावा लागतो. तरीही त्यानंतरची सूज, लोहाचा संचय व कूर्चेची हानी ही माणसातल्यासारखीच असल्याने औषधांची तुलना करता येते.

या ज्ञानाचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ असा, की सांधा सुजेपर्यंत थांबून मग घटक देणे पुरेसे नाही. रक्तस्राव होऊच नये म्हणून नियमित मात्रा देणे, म्हणजेच प्रतिबंधक उपचार, हा खरा मार्ग होय. वरवर पाहता तो खर्चिक वाटतो. परंतु वाया गेलेली शाळेची वर्षे, सांधारोपण आणि बुडालेला रोजगार यांचा हिशेब मांडल्यास तो खर्च कोणत्या रकान्यात घालावा, हे विश्वस्तांना सांगण्याची आवश्यकता नाही.

बबून वानर आणि फसलेले औषध

आता डीआयसीकडे वळू. तीव्र जंतुसंसर्ग, प्रसूतीतील गुंतागुंत, मोठा अपघात वा रक्ताचा कर्करोग अशा अनेक कारणांनी ही अवस्था उद्भवते. अतिदक्षता विभागात एकीकडे मूत्रपिंड बंद पडत आहे आणि दुसरीकडे सुई टोचलेल्या प्रत्येक जागेतून रक्त पाझरत आहे, असा रुग्ण पाहून नातेवाईक विचारतात, ‘रक्त गोठते आहे की वाहते आहे?’ दोन्ही एकाच वेळी घडत असते, हे त्यास खरे उत्तर आहे.

ही अवस्था प्रथम सशांमध्ये दिसून आली. १९२० च्या दशकात सानारेली व श्वार्ट्झमन या संशोधकांना असे आढळले, की जंतूंपासून मिळणाऱ्या विषारी द्रव्याची एक मात्रा ससा सोसतो. परंतु साधारण एका दिवसाने दुसरी मात्रा दिल्यास त्याला घातक प्रतिक्रिया येते. पुढे या प्रतिक्रियेत सशाच्या मूत्रपिंडात व इतरत्र सूक्ष्म गुठळ्या होतात, हे स्पष्ट झाले. पहिल्या मात्रेने शरीर दाहासाठी सज्ज होते आणि दुसरीने ठिणगी पडते.

१९८७ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे डॉ. फ्लेचर टेलर व सहकाऱ्यांनी बबून वानरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. जंतूंची घातक मात्रा दिलेल्या ज्या वानरांना कार्यान्वित प्रोटीन-सी हे नैसर्गिक लगामद्रव्य देण्यात आले ते वाचले. ज्यांचे स्वतःचे प्रोटीन-सी रोखून धरले ते सौम्य मात्रेनेही दगावले. निष्कर्ष इतका स्पष्ट होता, की मानवासाठी तसे औषध बनवणे क्रमप्राप्तच झाले. २००१ साली १,६९० रुग्णांवरील चाचणीत मृत्यूचे प्रमाण ३०.८ टक्क्यांवरून २४.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण मात्र २ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली आणि जगभरातील अतिदक्षता विभागांत ते अतिशय महाग दराने वापरले गेले.

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, दुसऱ्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी २६.४ टक्के व न घेतलेल्यांपैकी २४.२ टक्के रुग्ण दगावले. लाभ आढळला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निर्मात्या कंपनीने औषध बाजारातून काढून घेतले.

वानरांनी दिलेली साक्ष खोटी होती काय? तसे म्हणता येणार नाही. ते वानर निरोगी होते, जंतू कोणत्या क्षणी शरीरात गेले हे ठाऊक होते आणि औषध अगदी वेळेवर दिले गेले होते. आपल्या अतिदक्षता विभागात येणारा रुग्ण कित्येकदा साठीपलीकडचा, मधुमेही, दोन-तीन दिवस घरी अंगावर काढलेला आणि आधीच प्रतिजैविके सुरू असलेला असतो. प्राण्याने एका नेमक्या प्रश्नाचे नेमके उत्तर दिले होते. माणसाच्या बाबतीत प्रश्नच वेगळा होता.

उंदरांच्या बाबतीत हा वाद अधिक तीव्र आहे. जंतुविषाची जी मात्रा माणसास अत्यवस्थ करील ती उंदीर सहज सोसतो. २०१३ साली एका मोठ्या अभ्यासाने असे म्हटले, की तीव्र दाहात माणसाच्या व उंदराच्या जनुकांचा प्रतिसाद फारसा जुळत नाही. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी तीच आकडेवारी निराळ्या पद्धतीने तपासून तो चांगलाच जुळतो असा निर्वाळा दिला. एकाच ताळेबंदावर दोन लेखापरीक्षकांची भिन्न मते पडावीत, तसेच हे झाले. तूर्त डीआयसीचा पाया जुनाच आहे. मूळ कारणावर त्वरित उपचार, आणि रक्तस्राव होत असल्यास बिंबिका, प्लाझ्मा व फायब्रिनोजेन यांचा पुरवठा. म्हणूनच रक्तदात्यांचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही.

घोणस, फुरसे आणि घोडा

महाराष्ट्रातील रुग्णालयास हा विषय परका नाही. घोणस व फुरसे यांच्या दंशाने होणारी अवस्था या आजारांशी जवळचे नाते सांगते. घोणसीच्या विषातील द्रव्ये घटक १० व घटक ५ यांना थेट चेतवतात आणि फुरशाच्या विषातील द्रव्य प्रोथ्रॉम्बिनला. परिणामी फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि रक्त गोठेनासे होते. दंशाच्या जागी प्रचंड सूज येते, हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते, आणि घोणसीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवणे आणि मग तिरकी करून पाहणे, ही साधी तपासणी ग्रामीण केंद्रातही निदान करते. रक्त पातळच राहिले तर विष चढले आहे.

याच विषाचा उपयोग औषध म्हणूनही झाला. १९३४ साली इंग्लंडमध्ये डॉ. मॅकफार्लेन यांनी घोणसीचे अत्यंत सौम्य केलेले विष हिमोफिलिया रुग्णांच्या वाहत्या जखमेवर लावून रक्तस्राव थांबवला. ते विष आजही प्रयोगशाळांत गोठणविकारांच्या एका तपासणीसाठी वापरले जाते.

उतारा मात्र घोड्याकडून येतो. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा देऊन त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार करतात आणि ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घकाळ जोडलेले आहे. यासाठी लागणारे विष मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. तयार लसीची ताकद उंदरांमध्ये तपासली जाते. भारतीय प्रमाणानुसार १ मिलिलिटर लसीने नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे. मध्यरात्री शेतावरून आणलेल्या मजुराला जी लस टोचली जाते, तिच्यामागे असे घोडे आणि असे उंदीर उभे असतात.

जनुकोपचार : श्वान, वानर आणि माणूस

निकामी जनुकाच्या जागी काम करणारे जनुक देऊन हिमोफिलिया कायमचा बरा करण्याचे स्वप्न जुने आहे. १९९९ साली हिमोफिलिया बी असलेल्या श्वानांमध्ये निरुपद्रवी विषाणूवाटे घटक ९ चे जनुक देण्यात यश आल्याचे प्रसिद्ध झाले. माणसांत यकृतावाटे केलेल्या पहिल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ मध्ये आला. घटकाची पातळी वाढली खरी. परंतु काही आठवड्यांत यकृताला दाह झाला व पातळी पुन्हा घसरली. माणसाच्या प्रतिकारशक्तीला त्या विषाणूची आधीपासून ओळख होती, श्वानांना ती नव्हती. ही अडचण प्राण्यांत आगाऊ दिसलीच नाही. पुढे स्टेरॉइड औषधांनी हा प्रतिसाद आवरता आला. २०११ मध्ये सहा रुग्णांतील यश प्रसिद्ध झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हिमोफिलिया बी साठी जनुकोपचारास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची घोषित किंमत ३५ लक्ष डॉलर होती. भारतासाठी अधिक आशादायक वृत्त वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे आहे. तेथे हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांच्या स्वतःच्याच मूळपेशींत जनुक घालून उपचार झाला आणि त्याचे उत्तम निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान दुसरी वाटही निघाली. तीव्र हिमोफिलिया ए च्या सुमारे २५ ते ३० टक्के रुग्णांमध्ये बाहेरून दिलेल्या घटकाविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार होतात आणि उपचार निरुपयोगी ठरतो. अशांसाठी घटक ८ चे काम करणारे, पण त्याच्याशी साम्य नसलेले एमिसिझुमॅब हे औषध जपानमध्ये विकसित झाले. ते माणूस व वानर यांच्याच घटकांशी जुळत असल्याने उंदीर वा श्वान येथे उपयोगी नव्हते. म्हणून मकाक वानरांमध्ये तात्पुरता हिमोफिलिया निर्माण करून ते तपासण्यात आले. २०१७ साली ते अमेरिकेत उपलब्ध झाले आणि आता भारतातही मिळते. त्वचेखाली टोचावयाचे असल्याने लहान मुलांची शीर शोधण्याचा त्रास वाचतो.

दया आणि कायदा

आपल्या देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व त्याखालील १९९८ चे नियम यांन्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर केंद्रीय समितीची देखरेख असते. प्रत्येक संस्थेची नोंदणी आवश्यक असून तिच्या नैतिक समितीच्या मंजुरीविना प्रयोग करता येत नाही. १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य मार्ग वापरावा, संख्या कमीत कमी ठेवावी आणि वेदना कमीत कमी द्याव्यात. भारतीय समितीने त्यांत चौथ्या तत्त्वाची भर घातली. प्रयोगानंतर प्राण्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी आणि खर्च संशोधकाचा आहे, असे ते तत्त्व सांगते. जीवदया मानणाऱ्या समाजाचा हा संस्कार कायद्यात उतरला, ही समाधानाची बाब होय.

पर्यायही वाढत आहेत. पूर्वी सलाइन निर्जंतुक असले तरी त्यात जंतुविष नाही ना, हे सशाला टोचून व त्याचा ताप मोजून ठरवीत. जंतुविष लागताच हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाचे रक्त गोठते, हे लेविन व बँग यांच्या ध्यानात आले आणि १९७० च्या दशकात सशाची जागा या तपासणीने घेतली. आता जनुकतंत्राने बनवलेले द्रव्य त्या जीवालाही मोकळे करू लागले आहे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने आणि २०२३ मध्ये भारतानेही औषधांच्या पूर्वपरीक्षणासाठी मानवी पेशी, कृत्रिम अवयव व संगणकीय पद्धती ग्राह्य धरण्याची तरतूद केली. तथापि दाह, गोठण व रक्तस्राव यांचा एकत्रित खेळ अद्याप कोणत्याही यंत्रात पुरतेपणी मांडता आलेला नाही. म्हणून प्राण्यांची गरज घटली असली तरी संपलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

कुटुंबीयांसाठी चार सूचना

१. मुलाला रांगू लागल्यावर सहज काळे-निळे डाग पडत असतील, लहानशा जखमेतून वा दात पडल्यावर रक्त थांबत नसेल किंवा सांधा वारंवार सुजत असेल, तर गोठणतपासणी करून घ्यावी. मामा वा मावसभाऊ यांना असा त्रास होता काय, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

२. हिमोफिलिया असलेल्यास ॲस्पिरिन देऊ नये व डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्नायूत इंजेक्शन घेऊ नये. सांध्यात मुंग्या वा ताण जाणवू लागताच, सूज येण्याची वाट न पाहता, घटक घ्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलियाचा समावेश आहे. त्याखालील प्रमाणपत्रासाठी आपल्या समाजसेवा विभागाशी संपर्क साधावा.

३. सर्पदंश झाल्यास अवयव न हलवता रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे. चिरा देणे, विष चोखणे व करकचून दोरी बांधणे टाळावे.

४. ताप असलेला रुग्ण गुंगीत जाणे, त्याची लघवी कमी होणे, अंगावर जांभळे ठिपके उमटणे ही चिन्हे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

आमच्या देणगीदारांना शेवटी एवढेच निवेदन करावयाचे आहे. या कुप्यांचा रुपयांतील हिशेब अहवालाच्या पत्रकांत पै-पैसह दिलेला आहे. परंतु श्वान, ससे, वानर, घोडे व उंदीर यांच्याकडून घेतलेले कर्ज कोणत्याही पत्रकात दाखवता येत नाही आणि त्याची परतफेडही त्यांना करता येत नाही. ते फेडण्याचा एकच मार्ग आमच्या हाती आहे. एवढ्या मोलाने मिळालेले औषध मुदत संपून कपाटात पडून राहू नये आणि पैशाअभावी कोणा गरजूपर्यंत पोहोचावयाचे राहू नये. या दोन्ही गोष्टींसाठी आपले साहाय्य आजवर लाभले, तसेच पुढेही लाभावे, ही नम्र विनंती.